मापाला कमी

दोन किलोचा पत्र्याचा डबा. कधीकाळी डालड्याचा असेल.
त्याला आम्ही गोरोगोरो म्हणतो. सरोवराकाठच्या या बाजारात
मका, चवळी, वाळकी ओमेना, सगळं त्यानेच मोजतात.
बूड आतून ठोकून घेणाऱ्या बायका आहेत.
माझा डबा सरळ आहे,
आणि वरची शीग मी हाताने सपाट करत नाही.

माझा पहिला मुलगा या डब्याला कमी भरला.

त्याला कुणी डब्यात घातलं नव्हतं, काट्यावरच ठेवलं होतं,
पण मला किलो कळतात ते डब्याने.
सतराशे ग्रॅम.
मका असता तर गिऱ्हाइकाने डबा हलवून म्हटलं असतं,
अडोंगो, अजून दोन मुठी घाल.
कुठून घालणार होते?

नऊ महिने मला एकदाही ताप नव्हता.
हेच तर, नेकेसा सिस्टर म्हणाली, हेच तर.
हा हिवताप तुझ्या अंगावर येत नाही. वारेत दबा धरून बसतो
आणि पोराच्या वाटणीचं मोजतो
बूड ठोकलेल्या डब्याने.

ओदुओर अकरा दिवस होता.

बुधवारी बाजार नसतो. बुधवारी मी दवाखान्यात
पाण्याचा पेला घेऊन उभी असते.
तीन गोळ्या, एकदम, सिस्टरच्या देखत.
"घरी जाऊन घेते" चालत नाही.
घरी सासू असते, घरी मळमळ असते, घरी उद्या असतो.
अवुओर विचारते, मला काही झालेलंच नाही तर औषध कशाचं?
मी डब्याची गोष्ट सांगत नाही,
पोटुशीला सांगायची ती गोष्ट नव्हे.
पेला पुढे करते. गीळ, मग भांड.
ती गिळते. मग भांडतेही, चांगली दारापर्यंत.

तिला मिळालेली मच्छरदाणी आठवड्याने मला दिसली
वाळूवर, ओमेनाखाली पसरलेली.
छान वाळतेय, मी ओकेलोला म्हटलं.
जुनी जाळी आहे, तो म्हणाला.
जुनी नव्हती. घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.
पण मी काय तोंडाने बोलू, तीच ओमेना मी विकते.
माझी ताडपत्री दिली त्याला, आणि चार डबे मका, उधार.
जाळी घरी गेली.
आत टांगली की नाही हे बघायला रात्री कोण जातं?
मी गेले होते.

पाणघोडा रात्री वर येतो, कोबी खातो, जातो.
त्याच्या पावलाच्या खळग्यात पाणी साचतं, त्यावर ऊन पडतं,
त्यात ते जन्मतात.
आम्ही सगळे पाणघोड्याला भितो.

मग अवुओरची थोरली फणफणली, अमोलो, तीन वर्षांची.
बोटाला टोचलं, एक थेंब,
आणि पंधरा मिनिटं आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत बसलो.
दुसरी रेघ उमटली, फिकट, पण उमटली.
तीन दिवसांच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, दुधातून.
दुसऱ्या दिवशी पोरगी कोंबडीमागे धावायला लागली
आणि ओकेलोने उरलेल्या गोळ्या वाशात खोचल्या,
पुढच्या तापाला होतील म्हणून.
मी खाली काढायला लावल्या.
धान्यवालीने औषधात बोलू नये, तो म्हणाला.
धान्यवालीच बोलणार. अर्धं माप म्हणजे माप नव्हे.

गेल्या रविवारी अवुओर मोकळी झाली. मुलगी.
सिस्टरने काटा वाचला, तीन किलो शंभर.
मी बोटांवर मोजलं:
एक डबा भरून, दुसरा अर्ध्याच्या वर.
पुन्हा मोजलं.
बाहेर येऊन पेला विसळला, पालथा घातला,
बराच वेळ पालथा घालत राहिले.

उद्या बाजार.
ओकेलोकडे चार डबे मका येणं आहे.
मी मागणार आहे.
चारही. शीग सोडून.